नकाशातला बेहडा

त्या वर्षी जो भेटेल तो मला म्हणायचा, "स्वतःच्या घराचा नकाशा स्वतःच काढायला मिळतोय, नशीबवान आहेस बाई!" डोंबलाचं नशीब! ज्या घरात मला राहायचंच नव्हतं त्या घराचा नकाशा मी काढत होते, आणि त्यात माझी स्वतःची खोली मला आखायची होती. दार किती रुंद, खिडकी किती उंच, पलंग कुठे, टेबल कुठे, सगळं माझ्याच हातानं. बारा बाय चौदा. एवढी मोठी खोली मला जन्मात मिळाली नव्हती, आणि ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटली की मी खुर्ची मागं सरकवायचे.

घर बाबांचं. म्हणजे व्हायचं होतं. बाबा सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांचे पूल, रस्त्याखालच्या मोऱ्या, शाळा आणि दवाखाने काढण्यात घालवली, स्वतःसाठी साधं कुंपणसुद्धा काढलं नाही. त्यांचे वडील इतवारीत हातगाडी ओढायचे. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी आठ वर्षांचे बाबा त्यांच्या खांद्यावर बसून गेले होते. आमच्या घराण्यात जमिनीचा तुकडा कधी कोणाच्या नावावर नव्हता. म्हणून रिटायर झाल्यावर बाबांनी उमरेडच्या बाजूला एका टेकडीच्या उतारावर जागा घेतली तेव्हा ती घेण्यासारखी आहे की नाही हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. जागा म्हणजे उभा चढ आणि सगळं रान. साग, पळस, तेंदू, मध्ये काळे खडक. त्यांचा एक मित्र पाहून आला आणि म्हणाला, "काय गा, बकऱ्या चारतं का तिथं?" बाबा हसले. "सपाट जागेवर तं कोणीही बांधते," म्हणाले.

आई गेली त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी एकटीच लेक. वय बेचाळीस, धंदा आर्किटेक्टचा, धरमपेठेत एका औषधांच्या दुकानावर एका खोलीचं ऑफिस. लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथं सांगत बसत नाही, तो वेगळा राग आहे. ऑफिसात मी काय काढायचे? लोकांचे ओटे. लोकांचे माळे. "मॅडम, या कोपऱ्यात फ्रिज बसते का पाहा ना." बसते हो, बसते! वीस वर्षं मी लोकांचे फ्रिज बसवत होते.

आणि त्याच उन्हाळ्यात, बाबांनी "आता घर काढ" म्हटलं त्याच्या आठच दिवसांनी, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला. तिचं तिथं ऑफिस आहे. शाळा करते, वाचनालयं करते, चांगलं काम करते. म्हणाली, "भागीदार म्हणून ये. नोकरी नाही म्हणत मी, भागीदार. दसऱ्यापर्यंत सांग, नाहीतर मला दुसरं कोणी पाहावं लागेल." मी फोन ठेवला आणि औषधाच्या दुकानाचा जिना दोनदा उतरून दोनदा चढले. मला जायचं होतं. इतकं स्पष्ट मला आयुष्यात काहीच हवं वाटलं नव्हतं.

मग सांगायचं ना सरळ! मीही स्वतःला हेच म्हणत होते. बाबा ओरडले असते तर सोपं झालं असतं, भांडायला मला चांगलं येतं. पण बाबा ओरडत नाहीत. ते "बरं" म्हणतात. आईच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही ते "बरं" म्हणाले होते आणि उठून पाण्याचा माठ धुवायला गेले होते. तसलं "बरं" मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. म्हणून मी मूग गिळून बसले आणि घर काढायला घेतलं.

पहिल्यांदा जागेवर गेलो तेव्हा रान वाळून कडकडीत झालं होतं. पानांवरून पाय घसरत होता. बाबा काठी टेकत माझ्यापुढं चढत होते, थांबत होते, काठीनं हवेत चौकोन काढत होते. "इथं माही खोली. खिडकीतून खालचा तलाव दिसाले पाह्यजे. अन् ही तुही. माह्या खोलीले लागून." मी मान डोलावली. "मधातली भिंत साडेचार इंचीच ठेवजो," म्हणाले. "म्हातारपणात आवाज दिला तं तुले ऐकू याले पाह्यजे." त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मला हसूच आलं. साडेचार इंची भिंत म्हणजे अर्ध्या विटेची. पलीकडे कोणी कूस बदलली तरी ऐकू येते.

बाकी त्यांच्या अटी दोनच होत्या. "वास्तू-बिस्तू आपल्यात नाही. ऊन पाहा, वारा पाहा, पाणी कुठून वाहते ते पाहा." आणि दुसरी, "एकही झाड तोडाचं नाही. ते आपल्याआधीचे आहेत."

वाईट काय, तर नकाशा सुंदर होत होता. मी कंटाळून काढला असता तर निदान त्या घराला नावं तरी ठेवता आली असती. पण उतार असा होता की त्यानं मला सोडलंच नाही. रस्ता वरच्या अंगाला, म्हणून झोपायच्या खोल्या वर, रस्त्याच्या पातळीवर, म्हणजे रस्त्यावरून आपल्या खोलीत जायला बाबांना पायऱ्या नकोत. तिथून सात पायऱ्या खाली बैठक, आणखी पाच खाली स्वयंपाकघर आणि त्याच्यापुढं झाडांमध्ये घुसलेला कट्टा. सगळं घर कॉलमवर उचललेलं, खालून पावसाचं पाणी त्याच्या वाटेनं जाईल असं. भिंती कमी, काच जास्त. फ्रिजवाल्या मॅडमला हे येतं हे मलाच माहीत नव्हतं. दिवसभर मी ते घर काढायचे आणि मजेत असायचे, आणि मग नजर वरच्या कोपऱ्यातल्या त्या बारा बाय चौदावर जायची. तिथं माझं नावसुद्धा बाबांनी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं.

आमच्या घरात नकाशाचा एक कायदा आहे. उजव्या कोपऱ्यात खाली दोन रकाने असतात, 'काढले' आणि 'तपासले'. मी कॉलेजात असल्यापासून 'काढले'समोर माझी सही आणि 'तपासले'समोर बाबांची. आणि जागेवर टेप लावून मोजल्याशिवाय बाबा 'तपासले'वर सही करत नाहीत. नोकरीत एकदा वरच्या साहेबानं एका मोरीच्या नकाशावर अशीच बसल्या जागी सही मागितली होती. बाबांनी दिली नाही. मग चार वर्षं ते दूरच्या गावी बदलीवर राहिले आणि मी आईजवळ शाळा शिकले. त्यांना कॉम्प्युटरवरचं पाहायला आवडत नाही. मोठा कागद छापून आणायचा, जेवायच्या टेबलावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या, आणि मग ते लाल पेन्सिल घेऊन बसतात. लाल म्हणजे चूक. लहानपणी माझ्या गृहपाठावरही तीच पेन्सिल चालायची, मला लाल रंगाचा फ्रॉकसुद्धा नको वाटायचा.

मोजणीवाल्यानं जागेचा नकाशा दिला होता. त्यात प्रत्येक झाडाला एक वर्तुळ, बाजूला नाव आणि खोडाचा घेर. घर त्या वर्तुळांच्या मधून वळवायचं होतं. पहिला तेंदू माझ्या खोलीच्या कपाटात आला. खराच आला, मी काही केलं नाही. मी बाबांना सांगितलं, कपाट गेलं. सांगताना मला जो आनंद झाला तो लपवायला मला पाणी प्यावं लागलं. बाबा म्हणाले, "मग खोली इकडं सरकव, अन् फूटभर मोठी कर." पुढं गॅलरीत साग आला. त्यांनी खोली पुन्हा सरकवली, पुन्हा वाढवली. झाडं माझी खोली खायला निघाली की बाबा ती सोडवून आणायचे. शेवटी ती अशी बसली की डावीकडं खडक, उजवीकडं तेंदू, खाली उतार. आता ती हलणार नव्हती.

श्रावणातली दुपार होती. ऑफिसात मी एकटी. मैत्रिणीचा निरोप आला होता, "काय ठरलं गं?" मी मोजणीचा नकाशा उघडला आणि माझ्या खोलीच्या बरोबर मध्ये एक वर्तुळ काढलं. बाजूला लिहिलं, बेहडा, घेर एक मीटर साठ. दोन सेकंद लागले असतील. सगळ्यांत सोपं काम होतं ते त्या घरातलं. मग घराच्या नकाशात त्याच्या मुळांसाठी माती सोडली, फांद्यांसाठी जागा सोडली, आणि माझ्या खोलीचं जे उरलं ते सहा बाय नऊ. तिथं मी 'पाहुणे' असं लिहिलं.

आयुष्यात मी बाबांच्या टेबलावर खोटा नकाशा कधी ठेवला नव्हता. त्या संध्याकाळी ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, कागदावर वाकले, आणि बरोबर तिथंच बोट ठेवलं.

"हा बेहडा मले कसा नाही दिसला वं?"

"झुडपं होती ना बाबा तेव्हा."

"मोजणीत आला?"

"हाव."

"एक मीटर साठचा?"

"हाव ना."

"बरं," म्हणाले. बघा, तेच. त्यांनी लाल पेन्सिल हातात घेतली, परत ठेवली, कागदाची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवून दिली. सही केली नाही.

त्यानंतर दीड-दोन महिने माझे कसे गेले ते विचारू नका. ती गुंडाळी कपाटावर, आणि मी तिच्याखाली जेवतेय. बाबा त्याबद्दल अक्षर काढेनात. मीही काढेना. पुण्याला काय सांगू? नकाशावर सही झाली की सांगते, असं मी मनाशी ठरवलं होतं. म्हणजे माझं खोटं त्यांनी खरं मानलं की मग मी मोकळी. किती भित्रं आणि किती येडपट! पण तेव्हा तेच एक दार दिसत होतं.

आणि बाबा गायब व्हायला लागले. सकाळी एसटीनं जायचे, दुपारी उशिरा यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं आणि हातांवर काट्यांचे ओरखडे. "कुठे गेले होते?" "जागेवर." मी अशी भडकले! "पंचाहत्तराव्या वर्षी एकटे चढता उतारावर? पाय सटकला असता म्हणजे? फोनही लागत नाही तिथं!" ते शांतपणे कुसळं वेचत म्हणाले, "सटकला नाही ना." चौथ्या दिवशी पुन्हा गेले. मग दर तीन-चार दिवसांनी जायला लागले. पावसानं ओढ दिली होती; पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून न्यायचे, रिकाम्या आणायचे. मला वाटलं, एकेक झाड मोजत असतील. माझं खोटं पकडायला हा माणूस अख्खी टेकडी मोजून काढेल, तेवढी चिकाटी आहे त्यांच्यात. मी रोज वाट पाहायचे की आज बोलतील. बोलले असते तर मी सगळं ओकून टाकलं असतं. पण त्यांनी "भाजी चांगली झाली" याच्या पलीकडे काही म्हटलं नाही. मी ऑफिसातून घरी, घरातून ऑफिसात, आणि मध्ये कुठंही श्वास घ्यायला जागा नाही असं झालं.

दसरा आला. दीक्षाभूमीवर जायला गावची माणसं आमच्याकडे उतरतात, दरवर्षी उतरतात. घरभर सतरंज्या. आत्या वरण-भात कालवत म्हणाली, "दादाले काय चिंता? पोरगी जन्मभर जवळ हाये. आता तं बंगलाही बांधून राहिली बापासाठी." सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागले. जन्मभर! वाढता वाढता हातातला डाव भातातच टाकावा असं झालं मला. बाबांनी मान वर केली नाही. आत्याला म्हणाले, "जेव तू. भात थंडा होऊन राहिला." मी गॅलरीत गेले. मैत्रिणीचा निरोप होता, उद्यापर्यंत सांग. मी लिहिलं, "नाही जमत गं, माफ कर." पाठवायचं बटण दाबायचं तेवढं राहिलं, कारण आतून कोणीतरी मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाबा कपाटावरची गुंडाळी काढून आले. "चाल. गाडी काढ. नकाशा तपासाचा आहे."

रस्ताभर मी गाडी वाजवीपेक्षा हळू चालवली. आता पकडणार, आणि तेही जागेवर उभं करून, हे मला कळलं होतं. पाऊस संपून रान दाट झालं होतं, पण वरपासून आतपर्यंत एक पायवाट मळलेली दिसत होती. एवढ्यात किती वेळा आले असतील ते पायवाटेनंच सांगितलं. हद्दीच्या दगडापाशी त्यांनी मला टेपचं टोक दिलं. "झिरो दगडावर धर. नीट धर." मी धरलं. ते टेप सोडत खाली गेले, माझ्याच नकाशातली मापं मोठ्यानं वाचत. चार मीटर वीस. मग दुसऱ्या दगडावरून नऊ मीटर दहा. "ये आता इकडं," म्हणाले.

मी गेले. जिथं टेप संपत होता तिथं बोरीच्या काट्यांचं गोल कुंपण होतं, हातानं रचलेलं. आत गुडघ्याएवढं रोपटं. त्याच्या बुडाशी एक पाण्याची बाटली उलटी खोचलेली, झाकणाला भोक पाडून.

"हा घे तुहा बेहडा," बाबा म्हणाले.

ते खडकावर बसले. खिशातून दोरा काढला, रोपट्याच्या खोडाला गुंडाळला, पट्टीवर मोजला. मग कागद खडकावर पसरला आणि मला चार दगड ठेवायला लावले. लाल पेन्सिलनं त्यांनी माझं 'एक मीटर साठ' खोडलं आणि वर लिहिलं, 'तीन सेंटीमीटर'. अक्षर नेहमीसारखं, छापल्यासारखं. "घेर चुकला होता तुहा," म्हणाले. आणखी काही खुणा करत वाकून बसले थोडा वेळ. मग 'तपासले'समोर सही केली.

मी खाली बसले आणि रडले. रडत रडत भांडलेही. "बाबा, तो नव्हता इथं. मी खोटं काढलं होतं."

"आता हाये ना."

"तुम्हाला कळलं होतं! पहिल्याच दिवशी कळलं होतं! मग बोलायला काय झालं होतं? दोन महिने मला टांगून ठेवलं!"

बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "तू बोलली काय?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं. मी टेपचं टोक काट्यांतून सोडवायला लागले. मग म्हणाले, "खोट्या नकाशावर मले सही करता येत नाही, तुले माहीत आहे. टेप गुंडाळ, ओला होऊन राहिला."

वर चढताना त्यांनी पहिल्यांदा माझा खांदा धरला. त्यांचा श्वास लागला होता. म्हणजे दर तीन दिवसांनी हाच श्वास घेऊन, बाटल्यांचं ओझं घेऊन ते एकटे इथं येत होते, आणि मी घरी बसून त्यांना माझ्यावरचा पोलीस समजत होते. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर रागही गेला नव्हता. कारण आता जाणं आणखीच अवघड झालं होतं. अशा माणसाला सोडून कसं जायचं? खोटं बोलले तेव्हा मी खोलीत अडकले होते, आता त्या तीन सेंटीमीटरच्या रोपट्यात अडकले. गाडीत मी मनाशी म्हटलं, नाहीच जायचं. झालं. ठरलं.

घरात न जाता, त्यांना दारात सोडून मी ऑफिसात गेले, दुरुस्त्या भरायला. सही झाल्यावर लाल खुणा त्याच दिवशी नकाशात भरायच्या, हाही आमच्याकडचा कायदा. कागद टेबलावर पसरला. बेहड्याचा घेर बदलला. तेवढंच असेल असं वाटलं होतं. मग वरच्या कोपऱ्यात, बाबांच्या खोलीपाशी, आणखी एक लाल खूण दिसली. त्यांची खोली आणि 'पाहुणे' यांच्या मधली भिंत. माझं 'साडेचार' त्यांनी एका सरळ रेघेनं खोडलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'नऊ इंच करावी'.

नऊ इंची भिंतीतून हाक ऐकू जात नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

खाली दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग मी भिंत नऊ इंची केली, नकाशा साठवला, आणि फोनमध्ये तो न पाठवलेला निरोप पुसून मैत्रिणीला फोन लावला. ती "बोल" म्हणाली, आणि मी म्हटलं, "येते गं."